फाटक लागलं, पण वाट कोणाची?

खंदक नवा होता. जेसीबीच्या दातांचे ओरखडे काळ्या मातीत अजून ओलसर दिसत होते. उपसलेली माती पलीकडच्या काठावर ढीग घालून ठेवलेली, म्हणजे कोणी खंदक पार केलाच तर गाडीचं नाक ढिगाऱ्यात रुतावं. डोकं लावून केलेलं काम. इंदूरजवळच्या सिमरोलच्या पुढे चोरल नदीकडे उतरणारी ही वाट आम्ही पाच-सहा वर्षं वापरत होतो. त्या दिवशी तीन गाड्या होत्या, त्यातली एक माझी जुनी जिप्सी. खंदकापाशी उभ्या उभ्याच आम्ही निकाल देऊन टाकला: रस्ता सरकारी आहे, कोणीतरी दांडगाईने खोदलाय, तक्रार करायची. त्याच संध्याकाळी केली. फोटो जोडले, फोनमधल्या नकाशावरची करडी रेघ जोडली. काही आठवड्यांनी एका ओळीचं हिंदी उत्तर आलं: जमीन खाजगी मालकीची आहे, तक्रार बंद.

तेव्हा फार चिडलो होतो. आता वाटतं, त्या एका ओळीत चूक काहीच नव्हतं, आणि आमच्या दीड पानी तक्रारीत एक गोष्ट सोडून सगळं होतं. ती गोष्ट रामबागेतल्या आप्पांनी विचारली. आप्पा म्हणजे बाबांचे मावसभाऊ, सगळी नोकरी महसूल खात्यात गेलेली. मी फोनवरचे फोटो दाखवायला लागलो तर म्हणाले, "ते राहू दे. खसरा नंबर काय?"

"माहीत नाही."

"मग भांडताय कशावरून?"

पुढचे दोन तास आप्पांनी जे समजावलं आणि नंतर मी स्वतः तहसिलीत हेलपाटे घालून जे शिकलो, ते इथे सोपं करून मांडतो. इंदूरच्या आसपास जीप, थार, जिप्सी घेऊन डोंगरात जाणारे मराठी लोक काही कमी नाहीत, आणि दर पावसाळ्यानंतर कुठली ना कुठली वाट बंद झालेली सापडतेच. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आधी शब्दांचा हिशेब: तुमचा सातबारा तो आमचा खसरा, तुमचे तलाठी ते आमचे पटवारी, आणि तुमची पाणंद तिला इकडे गोहा किंवा गडार म्हणतात. तुमच्याकडे रस्त्याच्या भांडणात मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ आणि जमीन महसूल संहितेचं कलम १४३ चालतं. आमच्याकडे त्या जागी मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९. नावं वेगळी, दुखणं एकच.

डोळ्यांना सगळ्या वाटा सारख्याच दिसतात. दोन चाकोऱ्या, मध्ये गवत. कागदावर मात्र त्यांच्या जाती वेगळ्या, आणि अडथळा काढायचा मार्ग त्या जातीवर ठरतो. अडवणारा कोण, हा प्रश्न नंतरचा.

सगळ्यात सोपी ती नोंदलेली सार्वजनिक वाट. खसऱ्यात तिचा स्वतंत्र नंबर असतो, मालकाच्या जागी 'शासकीय' आणि पुढे रस्ता, आम रस्ता, गोहा असं काहीतरी. लोक निर्माण विभागाचा किंवा पंतप्रधान ग्राम सडक योजनेचा डांबरी रस्ता असेल तर वादच नाही. इथे तुमचा हक्क गावातल्या माणसाइतकाच. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली सगीर अहमद विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात हे स्वच्छ सांगून ठेवलंय: सार्वजनिक रस्ते सरकारकडे असतात ते जनतेचा विश्वस्त म्हणून, आणि त्यांचा वापर हा प्रत्येकाचा हक्क आहे. तो खटला मोटारबस चालवणाऱ्यांचा होता, म्हणजे वाहनवाल्यांचाच. अर्थात या हक्काला लगाम आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ खाली रस्त्याची किंवा पुलाची अवस्था बघून राज्य सरकार एखाद्या रस्त्यावर गाड्यांना बंदी घालू शकतं. आणि पावसाळ्यात धबधब्यांच्या बाजूला जाऊ नका असे आदेश निघतात, तेव्हा तिथला अडसर बेकायदा नसतो. पातालपाणीला किंवा तिंछा फॉलला ऐन जुलैमध्ये बॅरिकेडपाशी हुज्जत घालणारे बघितले की मला त्यांच्यापेक्षा तिथल्या शिपायाची दया येते.

आमच्यासारख्यांची हमखास गल्लत होते ती दुसऱ्या जातीच्या वाटेत. ही शेतकऱ्याची वहिवाट. वाट जाते ती दुसऱ्याच्या मालकीच्या शेतातून. कागदावर रस्ता नाही, पण मागच्या शेतवाल्याला त्याशिवाय आपल्या वावरात जाता येत नाही, म्हणून आज्या-पणज्यापासून बैलगाडी तिथूनच जाते. अशा वाटेचा तंटा झाला तर संहितेच्या कलम १३१ प्रमाणे तहसीलदार जागेवर चौकशी करतो, आधीची रूढी काय होती ते बघतो, सगळ्यांची सोय लक्षात घेतो आणि निर्णय देतो. पण कायद्यातले शब्द नीट वाचा. हे कलम काश्तकारासाठी आहे, म्हणजे जमीन कसणाऱ्यासाठी, आणि विषय त्याच्या शेताकडे किंवा गावच्या पडीक-चराऊ जमिनीकडे जाणाऱ्या वाटेचा. रविवारी इंदूरहून आलेल्या जिप्सीवाल्याला त्यात कुठेच जागा नाही. तो अर्जदार होऊच शकत नाही.

मी आप्पांना विचारलं, "पण आम्ही इतकी वर्षं जातोय, त्याचं काही नाही का?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ प्रमाणे वीस वर्षं उघडपणे, शांतपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता वापर झाला तर वाटेचा हक्क पक्का होतो. सरकारी जमिनीवर हीच मुदत तीस वर्षांची. (इंदूरच्या कोर्टात याला सुखाचार म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते आयुर्वेदातलं काहीतरी वाटलं होतं.) आता मेख बघा. हा हक्क माणसाला चिकटत नाही, जमिनीला चिकटतो. माझ्या शेताच्या उपभोगासाठी तुझ्या शेतातून वाट, असं त्याचं स्वरूप. ज्याचं पलीकडे शेतच नाही त्याचा हक्क चिकटणार कशाला? तीस वर्षं दर रविवारी त्याच वाटेने जा, तुमच्या खात्यात एक दिवसही जमा होत नाही. शिवाय त्याच कायद्याचं कलम २८ म्हणतं की एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारचा हक्क येत नाही. पायी जाण्याचा हक्क मिळाला म्हणजे गाडी नेण्याचा मिळाला असं नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. शेतकऱ्याने हसून फाटक उघडलं, "जाओ साहब" म्हणाला, तर ती झाली परवानगी. परवानगीतून हक्क उगवत नाही, उलट हक्क नव्हता याचा तो पुरावा ठरतो. ती परवानगी शेतकरी केव्हाही मागे घेऊ शकतो. आमच्या खंदकवाल्या वाटेवर नेमकं हेच झालं होतं. पाच-सहा वर्षं आम्ही ज्याला रस्ता समजत होतो, ती एका माणसाची भलमनसी होती.

नोंदलेली सार्वजनिक वाट आणि वहिवाट या दोघींच्या मध्ये एक जात आहे, तिची माहिती शहरातल्या वकिलांनाही कधीकधी नसते. गावाच्या सामाईक वाटा. मध्य प्रदेशात प्रत्येक गावाचं एक निस्तार पत्रक असतं: गुरं कुठे चारायची, सरपण कुठून आणायचं, गावाच्या मोकळ्या जमिनीवर कोणाचा काय हक्क, याची नोंद. आणि दुसरं वाजिब-उल-अर्ज. फारसी नावाला घाबरू नका. संहितेच्या कलम २४२ खाली तयार होणारी ही गावच्या रूढींची वही आहे. खाजगी जमिनीतून चालत आलेले पाण्याचे, वाटेचे, मासेमारीचे रिवाज तिच्यात लिहिलेले असतात. खाजगी खसऱ्यातून जाणारी वाट जर वाजिब-उल-अर्जमध्ये नोंदलेली निघाली, तर चित्र पालटतं. कायदा तिला मान्य वाट समजतो, ती अडवणाऱ्याला कलम १३२ खाली दंड होऊ शकतो आणि कलम १३३ खाली तहसीलदार अडथळा काढायला लावतो. त्याने काढला नाही तर तहसीलदार काढून घेतो आणि खर्च त्याच्याकडून वसूल करतो. म्हणून आप्पांचा आग्रह असतो की नुसत्या खसऱ्यावर थांबू नका, ही दोन चोपडी मागा. बहुतेक जण मागत नाहीत.

जंगलातल्या वाटांबद्दल फार बोलण्यासारखं नाही, कारण तिथे आपल्या हातात फारसं नसतं. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २५ प्रमाणे राखीव जंगलातली सार्वजनिक वाटसुद्धा वन अधिकारी वरून मंजुरी घेऊन बंद करू शकतो. अट एवढीच की तिच्या बदल्यात बऱ्यापैकी सोयीची दुसरी वाट हवी. म्हणजे भांडायचा मुद्दा मिळाला तर तो पर्यायी वाटेचा. रालामंडलसारख्या अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागतो. तिथे सार्वजनिक महामार्गाने जाणाऱ्याला मोकळीक आहे, बाकीच्यांनी परवाना काढायचा. आणि महूच्या आसपास लष्कराच्या गोळीबाराच्या रेंज आहेत, तिथे लाल झेंडा किंवा पाटी दिसली की गाडी वळवायची. न फुटलेल्या गोळ्याला तुमचा खसरा नंबर वाचता येत नाही.

आता अडथळा काढण्याचा दुसरा रस्ता. हा मला स्वतःला फार उशिरा कळला, आणि बाहेरून येणाऱ्या गाडीवाल्याला खरा उपयोगी हाच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ चं कलम १५२. हे १ जुलै २०२४ पासून लागू झालं. त्याआधी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १३३ म्हणून होती. (महसुलाचं कलम १३३ सुद्धा अडथळा काढण्याचंच आहे, त्यामुळे जुन्या अर्जांत दोन्हींची खिचडी झालेली दिसते. कोणत्या कायद्याचं कलम ते दर वेळी लिहा.) लोक कायदेशीरपणे वापरतात त्या वाटेवर बेकायदा अडथळा असल्याचं कळलं, तर जिल्हा दंडाधिकारी, एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) किंवा त्यासाठी अधिकार दिलेला कार्यपालक दंडाधिकारी सशर्त आदेश काढू शकतो: अमुक दिवसांत अडथळा काढ, नाहीतर येऊन कारण सांग. माहिती पोलिसांकडूनच यायला हवी असं नाही. कोणीही देऊ शकतो. इथे काश्तकार असण्याची अट नाही.

मग सगळे हाच रस्ता का धरत नाहीत? कारण पुढे कलम १५६ उभं आहे. समोरचा माणूस हजर झाला की दंडाधिकारी त्याला आधी विचारतो, इथे जनतेचा हक्क आहे हे तुला मान्य आहे का? तो नाही म्हणाला तर दंडाधिकारी चौकशी करतो, आणि त्याच्या नकाराला विश्वासार्ह पुरावा सापडला तर सक्षम न्यायालयात हक्काचा निकाल लागेपर्यंत सगळं तिथेच थांबतं. त्याने नावावरचा खसरा टेबलावर ठेवला आणि तुमच्याकडे फोनचा नकाशा असला, तर काय होणार ते सांगायला नको. फिरून गाडी कागदापाशीच येते. उलट तुमच्या हातात 'शासकीय, रस्ता' अशी नोंद असली तर हे कलम झटपट काम करतं, आणि रीतसर निघालेल्या अशा आदेशाला दिवाणी न्यायालयात आव्हानही देता येत नाही. याखेरीज सार्वजनिक वाटेत अडथळा केला म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दंडाने खंदक बुजत नाही, पण पोलीस ठाण्यात नोंद झाली की पुढच्या अर्जाला जोर येतो.

गंमत अशी की तालुक्याला एसडीएम म्हणून ज्यांच्याकडे हा अर्ज जातो, बहुधा तेच महसुलात एसडीओ (उपविभागीय अधिकारी) म्हणून तहसीलदाराच्या निकालावरचं अपील ऐकतात. माणूस एक, टोप्या दोन. अर्जावर कोणती टोपी घातलेल्या साहेबांना लिहिताय ते स्पष्ट हवं, नाहीतर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत बसतो.

थोडं इंग्लंडबद्दलही सांगायला हवं, कारण आमच्यातले निम्मे तरुण तिकडच्या 'ग्रीन लेन'चे व्हिडिओ बघून इकडे हक्क सांगायला निघतात. तिथे प्रत्येक भागाचा एक अधिकृत नकाशा असतो, 'डेफिनिटिव्ह मॅप'. १९४९ च्या कायद्याने तो सुरू झाला. पायवाट, घोड्याची वाट, मोटार सोडून बाकीच्यांची वाट आणि सगळ्या वाहनांना मोकळी वाट, असे चार प्रकार त्यावर दाखवलेले असतात. एकदा नोंद झाली की तो हक्काचा पक्का पुरावा. वाट मोकळी ठेवणं हे १९८० च्या हायवेज ॲक्टच्या कलम १३० प्रमाणे तिथल्या स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य, आणि अडथळा दिसला की कोणीही साधा माणूस कलम १३०अ ची नोटीस देऊ शकतो. प्राधिकरणाला महिन्याच्या आत उत्तर द्यावं लागतं, आणि काम झालं नाही तर तो माणूस मॅजिस्ट्रेटकडे जाऊ शकतो. आपल्याकडे एवढी एक गोष्ट आली तरी मी देव पाण्यातून काढीन. पण व्हिडिओत न दिसणारी बाजूही आहे. २००६ साली तिथे आलेल्या कायद्याने, नकाशावर मोटारींसाठी नोंद नसलेल्या बहुतेक वाटांवरचा मोटारींचा हक्कच पुसून टाकला. जिथे वर्षानुवर्षं जीप जात होत्या तिथे एका दिवसात फक्त माणसं, घोडे, सायकली आणि घोडागाड्या राहिल्या. आणि तिथला सरकारी ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशासुद्धा कोपऱ्यात बजावतो की इथे दाखवलेला रस्ता किंवा वाट हा वाटेच्या हक्काचा पुरावा नाही. सरकारी नकाशाची ही गत, तर आमच्या फोनमधली करडी रेघ काय घेऊन बसलात!

आपल्याकडे असा एकच नकाशा नाही. त्यामुळे तीन-चार ठिकाणांहून तुकडे गोळा करावे लागतात, आणि यातच खरा वेळ जातो. प्रत्यक्षात कसं होतं ते महूच्या पलीकडच्या एका गावात मी जवळून पाहिलं. खंदकाच्या प्रकरणानंतर वर्षभराने. तिथे टेकडीच्या मागे जाणाऱ्या गोह्यावर एकाने लोखंडी फाटक बसवून कुलूप घातलं. आम्हाला त्रास झाला तो रविवारपुरता, पण मागच्या सात-आठ शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर अडले. या वेळी आम्ही तक्रार टाकली नाही. शेतकऱ्यांना भेटलो, आणि अर्ज त्यांच्या नावाने झाला. आमचा वाटा म्हणजे कागद काढणं आणि अर्ज नीट लिहिणं. शहरातल्या माणसाने इथे करण्यासारखं हेच काम आहे, असं माझं ठाम मत झालंय. अर्जदार म्हणून पुढे उभं राहिलं की समोरच्याला म्हणता येतं, हे मौज करायला आलेले लोक. ट्रॅक्टरवाल्याला तसं म्हणता येत नाही.

खसरा आणि नकाशा भूलेख पोर्टलवर घरबसल्या दिसतात. तिथे 'कैफियत' नावाचा रकाना असतो. लोक मालकाचं नाव आणि क्षेत्र बघून पान मिटतात, पण रस्त्याचा उल्लेख बहुधा याच रकान्यात लपलेला असतो. नंतर जुनं रेकॉर्ड. इंदूर भागात होळकरांच्या काळच्या मिसल बंदोबस्तापर्यंत, म्हणजे जुन्या जमीनमोजणीच्या नोंदींपर्यंत, मागे जाता येतं, आणि वाट तेव्हापासून नोंदलेली निघाली तर मग बोलायलाच नको. त्याची प्रमाणित नक्कल रेकॉर्ड रूममधून काढायची. देवळातल्या रांगेसारखं धीराचं काम. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्जचा उतारा याच्यासोबत.

आमच्याकडे नक्कल आली, तिच्यात गोहा होता. आम्ही खूश. मग तहसीलदारांच्या सांगण्यावरून पटवारी आणि राजस्व निरीक्षक जागेवर पंचनाम्याला आले. पटवाऱ्याने गावाचा नकाशा माझ्या जिप्सीच्या बॉनेटवर पसरला. कापडावरचा, घड्यांवर पिवळा पडलेला. त्याला ते लट्ठा म्हणतात. वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार दगड. गाडीवाट म्हणजे तुटक रेघांची जोडी, पायवाट म्हणजे एकच तुटक रेघ. आमचा गोहा जोडीचा होता, म्हणजे बैलगाडीचा. पटवाऱ्याने बोट ठेवलं, मग मान वर करून शिवारात पाहिलं, पुन्हा नकाशात पाहिलं. विहीर इकडे, मेड तिकडे. मेड म्हणजे आपला बांध. साखळी टाकली. आणि म्हणाला, "गोहा तो यहाँ है ही नहीं, साहब."

फाटक जिथे होतं तिथे नोंदलेला गोहा नव्हताच. तो होता चाळीसेक पावलं डावीकडे, आणि त्याच्यावर लसणाचे वाफे लागले होते. कधीतरी एका पावसाळ्यात मूळ वाटेवर पाणी साचलं असेल, गाड्या बाजूच्या शेतातून जाऊ लागल्या, आणि मोकळ्या पडलेल्या वाटेवर कोणीतरी हळूच नांगर फिरवला. फाटक लावणारा आपल्याच खाजगी जमिनीवर फाटक लावून बसला होता. आणि लसूण? तो आमच्या अर्जावर तिसरी सही करणाऱ्याचा.

दोन मिनिटं कोणीच बोललं नाही. मग फाटकवाला हसायला लागला.

म्हणून अर्जाच्या आधी सीमांकन, म्हणजे हद्दीची सरकारी मोजणी, करून घ्या, भू-राजस्व संहितेचं कलम १२९. वापरातली वाट आणि नोंदलेली वाट एकच आहे का, हे त्यातून कळतं. माळव्यात या दोघींची फारकत किती ठिकाणी झाली असेल कोण जाणे, पण तहसिलीत बसलेल्या कोणालाही विचारा, त्याला आश्चर्य वाटणार नाही. आमच्या गावचं प्रकरण मग वेगळ्याच दिशेने गेलं. लसूण निघेपर्यंत थांबायचं ठरलं, तोवर फाटकाची किल्ली ट्रॅक्टरवाल्यांकडे. पुढे सरकारी गोह्यावरचं अतिक्रमण म्हणून तो पट्टा मोकळा झाला आणि पंचायतीने त्यावर मुरूम टाकला. सहा-सात महिने लागले. एवढ्या लवकर झालं याचं कारण कायदा कमी आणि फाटकवाला मनाने मोठा हे जास्त. तो हट्टाला पेटला असता तर आधी कलम १३१, त्यावर एसडीओकडे अपील, आणि त्याउपर दिवाणी दावा. कारण तहसीलदाराच्या निकालानंतरही आपला हक्क दिवाणी न्यायालयात सिद्ध करायची मुभा त्याच कलमाने ठेवलीय.

अर्जात काय लिहायचं हे लोक विचारतात. कमी लिहा. गाव, पटवारी हलका (त्या पटवाऱ्याचं कार्यक्षेत्र), खसरा नंबर, वाट कुठून कुठे जाते, कधी आणि कशाने अडली, कोणाकोणाची शेती अडली, सोबत नकला. अडवणाऱ्याच्या स्वभावावर परिच्छेद नकोत. 'अनादी काळापासून' असं लिहू नका, वर्ष लिहा आणि ते सांगू शकणारा म्हातारा माणूस साक्षीला द्या. कलेक्टर कार्यालयात मंगळवारी जनसुनवाई असते, तिथे अर्ज द्यायला हरकत नाही. पण तिथून तो शेवटी तहसीलदाराकडेच उतरतो, तेव्हा तहसिलीतली पोच आधी घ्या. आणि कितीही हात शिवशिवले तरी फाटकाचं कुलूप स्वतः तोडू नका, खंदकात स्वतः माती लोटू नका. जमीन खाजगी निघाली तर गुन्हा तुमच्यावर, आणि तुमच्या गाडीचा नंबर सगळ्या गावाने पाहिलेला असतो.

राहिला तो पहिला खंदक.

कागद बघून झाल्यावर मी एकटाच गेलो, गाडी डांबरी रस्त्यावर ठेवून पायी. मालक वस्तीवरच होते, साठीचे, धोतर आणि वर हाफ स्वेटर. मी मराठी आहे कळल्यावर म्हणाले की इंदूरला आमच्या मुलाचे मास्तर मराठीच होते, बसा. चहा आला. मग ते मला खंदकापासून थोडं पुढे घेऊन गेले. मागच्या जुलैमध्ये कुठल्याशा गाडीने ओल्या शेतात चाकं फिरवून फिरवून गुडघाभर दोन चर पाडले होते. त्यांच्याखालून बोअरचा पाइप गेला होता, तो फुटला. तो जोडायच्या आत मोटार कोरडी चालून जळली. गाडी आमची नव्हती. पण मी त्या चरांचं अंतर पाहिलं, टायरचे ठसे पाहिले, आणि आमची असती तरी आम्हाला कळलं नसतं हे मला उमगलं.

"रस्ता बंद नहीं करना था," ते म्हणाले. "पर किसको बोलता? आप लोग रुकते कहाँ हो?"

खंदक अजून आहे. त्यांनी त्यावर एका बाजूला दोन सिमेंटचे पाइप टाकून ट्रॅक्टरपुरती जागा केली आहे, आणि साखळी. सोयाबीन निघाली आणि गव्हाची पेरणी व्हायची आहे, अशा मधल्या थोड्या दिवसांत त्यांचा फोन येतो. तीन गाड्यांपेक्षा जास्त आणायच्या नाहीत, आणि परतताना साखळी लावली की घरी येऊन सांगून जायचं.